दुपारचा नमुना आणि रात्रीचं पाणी

मागल्या आठवड्यात ओढ्याच्या फोटोवर बऱ्याच जणांनी विचारलं, "तक्रार केली का?" केली. साहेब आलेही. तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराला.

पहिला पाऊस झाला त्या रात्री दोनच्या सुमारास ओढा काळ्या चहासारखा वाहत होता. मळीचा वास घरापर्यंत. सकाळी डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. साहेबांनी नमुना घेतला तो वरच्या कारखान्याच्या प्रक्रिया केंद्राच्या तोंडाला. तिथलं पाणी नितळ. अहवाल आला, सगळं मर्यादेत. लोक म्हणाले, अहवाल विकत घेतला. मला तसं वाटत नाही. अहवाल खरा असेल, पण तो दुपारच्या पाण्याचा.

हे आकडे काय सांगतात ते थोडं समजून घ्या. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते. आपल्याकडे नमुना २७ अंशाला तीन दिवस ठेवून मोजतात. ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्याला साधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर. कच्च्या मळीची बीओडी चाळीस हजाराच्याही वर जाते. म्हणजे थोडी मळी सुटली तरी ओढ्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासा गुदमरतो. पण ते पाणी सकाळपर्यंत पुढच्या गावाला गेलेलं असतं. मग तीन दिवसांनी बाटली भरून काय सापडणार?

आपलीही चूक सांगतो. पुतण्याने त्या रात्री पाण्याची जुनी बाटली अर्धी भरली आणि दोन दिवस ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात ठेवली. जिवाणू वाटेतच जेवून मोकळे! आकडा कमीच येणार. बाटली काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची.

तरीही आपली बाटली कोर्टात टिकत नाही. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ वाचा. मंडळाच्या माणसाने कारखान्याच्या माणसासमोर नमुना घ्यायचा, दोन भाग करायचे, सील आणि सह्या. तसा घेतलेला नमुनाच पुरावा. पण त्याच कलमात नोटीस तिथल्या तिथे द्यायची म्हटलंय. आधी फोन करून, चहा-नाष्ट्याची वेळ ठरवून यायचं असं कुठं लिहिलेलं नाही. माझं भांडण आहे ते इथं. साहेब रात्री यायला हवेत, आणि ओढा जिथं मिळतो तिथलाही नमुना घ्यायला हवा.

कोणी म्हणेल, आता ऑनलाइन मीटर आहेत. आहेत. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने साखर, डिस्टिलरी, कागद अशा १७ प्रकारच्या उद्योगांना ते बसवायला सांगितले. पण मीटर अधिकृत पाइपावर असतो. बांधाखालून काढलेल्या पाइपावर कोण मीटर बसवतं?

म्हणून मी एक हातातला ईसी मीटर घेतलाय. बीओडी त्यात कळत नाही, हे आधीच सांगतो. पण मळीत पोटॅश आणि बाकीचे क्षार भरपूर, त्यामुळे ती आली की ईसी उडी मारते. शेतीच्या पाण्याला २२५० मायक्रोसिमेन्सच्या आत हवी. मी रोज सकाळ-रात्र पुलाखाली मोजतो, वहीत तारीख, वेळ, आकडा आणि वास लिहितो. पुरावा म्हणून नाही. साहेबांना कोणत्या रात्री बोलवायचं ते कळावं म्हणून.

बायको म्हणते, ऊस राहिला बाजूला, हे ओढ्याचे डॉक्टर झाले. असू दे. खालच्या अंगाच्या विहिरींवर अजून कोणी मोजत नाही. ज्यांची विहीर ओढ्यालगत आहे त्यांनी कळवा, रविवारी मीटर घेऊन येतो. आणि रात्री वास आला तर सकाळची वाट बघू नका, मला तेव्हाच उठवा.