जुनी राजपूत आणि आमचे इंजिन

आमचे विंचूर हे सरदार विठ्ठल शिवदेवांचे, म्हणजे घोडदळाचे गाव. इथे समुद्राचा विषय निघतो तो कांद्याचा ट्रक मुंबईकडे सुटला तरच. अशा गावात मळ्यातल्या ऑइल इंजिनाची गोष्ट लढाऊ जहाजावर जाऊन पोचावी, हे नवलच.

रांगडा कांदा पाण्याला आलेला, वीज येणार रात्री, आणि वडिलांच्या वेळचे इंजिन बसलेले. त्याचा फ्युएल पंप बाजारात मिळेना. मी भंगारवाल्याला निरोप धाडणार, तोच नाना म्हणाले, "आधी सांग, याच जातीची इंजिने शिवारात किती उरलीत?"

नाना तरुणपणी आरमारात होते, जुन्या 'राजपूत'च्या बॉयलरवर. २०२१ साली निवृत्त झालेली सोव्हिएत बांधणीची 'राजपूत' ती नव्हे. ही तिच्या आधीची. १९४२ सालची ब्रिटिश विनाशिका 'रॉदरहॅम'. त्या जातीच्या एकंदर आठ. १९४९ साली तीन आपण घेतल्या : राजपूत, रणजित, राणा. उरलेल्या पाचांतली एक मोडीत गेली. चौघींची यंत्रे राहिली, पण तोफा आणि डेकावरची मांडणी बदलून ब्रिटिशांनी त्यांच्या फ्रिगेट केल्या. मूळ रूपात उरल्या त्या आपल्याच तिघी.

"मग सुटे भाग?" मी विचारले.

"पत्र लिहायचे, वाट पाहायची. नाही आला तर झिजलेल्याचे माप घेऊन लेथवर करायचा. तेही जमले नाही तर बहिणीच्या अंगावरचा काढायचा!"

पण वाचकहो, हीच झिजलेली जहाजे कधी काय करतील सांगता येत नाही. १९७१ च्या डिसेंबरात 'राजपूत' निवृत्तीच्या वाटेवर विशाखापट्टणमला होती. विमानवाहू 'विक्रांत' अंदमानात दडवलेली. ती इथेच आहे असे भासावे म्हणून बिनतारी संदेशांचा धडाका लावला, बाजारात भाजीपाल्याची दांडगी मागणी नोंदवली आणि सोंग दिले 'राजपूत'ला. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर तिने पाण्यात स्फोटके सोडली. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तळाला गेली. आपले आरमार त्याचे श्रेय 'राजपूत'ला देते, पाकिस्तान अपघात म्हणते. गंमत अशी की 'गाझी'ही अमेरिकेची जुनी 'डायब्लो', १९६४ साली उसनी आणलेली!

त्या रात्री नाना जहाजावर नव्हते. आधीच बदली झाली होती. हे सांगताना ते चष्मा पुसत बसतात, म्हणून मी पुढे विचारीत नाही. 'राजपूत' १९७६ साली मोडीत निघाली.

तर इंजिन. नानांनी दोन दिवस फिरून पलीकडच्या वाडीत त्याचे भावंड शोधले. त्याचा क्रँक मोडलेला, पंप ठणठणीत. कोणाचे मोडून कोणाचे जगवायचे, यावर चहाचे तीन कप झाले. अखेर तो गृहस्थ म्हणाला, "तुमचा कांदा पाण्याला आलाय, माझा अजून रोपात आहे. न्या."

पंप पिशवीत घालण्यापूर्वी त्याने तो धोतराच्या सोग्याने दोनदा पुसला.