कोन दिसायचा कुठे?

सूत्र पाठ करा, मार्क आपोआप मिळतील, असं सांगणाऱ्या तमाम मास्तरांशी माझं भांडण आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. माझा गणिताशी संबंध व्याजापुरता. पण बारावीतली आमची कन्या परवा म्हणाली, ''बाबा, दोन व्हेक्टरमधला कोन म्हणजे सूत्रात आकडे भरायचे. तो कोन असतो कुठे, हे क्लासमध्ये विचारायचं नसतं.''

विचारायचं नसतं? अहो, हप्ता चुकवणाऱ्यालासुद्धा आम्ही कारण विचारतो!

रविवारी तिला घेऊन कफ परेडचं मच्छीमार नगर गाठलं. किनाऱ्यावर कुणाच्या तरी हळदीच्या मांडवाचा बांबू उभा राहत होता. शेंड्यापासून एक दोर पाण्याकडच्या खुंटीला, दुसरा त्याच्याशी काटकोनात होड्यांकडच्या खुंटीला. तिसरा बांधणं चाललं होतं. दोन दोरांत कोन किती? पाण्याकडून पाहणारी लेक म्हणाली, पस्तीस-चाळीस. दोन खुंट्यांच्या मधोमध, समोर उभा मी म्हणालो, पंचावन्न. मागच्या टॉवरच्या गच्चीवरून कुणी पाहिलं असतं, तर तो नव्वद म्हणाला असता. दोर ओढणारे कोळीदादा हसले, ''कुठनं बघता त्यावर हाय, साहेब!''

मग खरा किती? इथे सूत्र लागतं. बांबू ४ मीटर, खुंट्या बुंध्यापासून ३ मीटरवर. शेंड्यापासून पहिला दोर पाण्याकडे ३, होड्यांकडे ०, खाली ४. दुसरा ०, ३, ४. जोडीला जोडी गुणा आणि बेरीज करा : ० + ० + १६. याला म्हणे डॉट प्रॉडक्ट म्हणतात. अहो, ही तर आमची पैसे भरायची स्लिप! नोटेची किंमत गुणिले नोटांची संख्या, खाली बेरीज. वीस वर्षं मी व्हेक्टर गुणतोय आणि पगार मात्र कारकुनाचा!

दोर प्रत्येकी ५ मीटर. १६ भागिले २५, म्हणजे ०.६४. हा कोनाचा कोसाइन. कोन सुमारे ५० अंश. लांबीने भागायचं, कारण दोर आखूड असो की लांब, कोन तोच. खातं लाखाचं असो की शंभराचं, रांग एकच! बेरीज शून्य आली तर काटकोन, उणे आली तर त्याहून मोठा.

तेव्हा मास्तर, सूत्र जरूर पाठ करून घ्या. पण आधी दोर दाखवा. तुमच्या क्लासची फी भरताना मी काटकोनात वाकतो. निदान लेकीला कोन तरी दिसू दे!