चार होत्या, तीन उरल्या

‘लिमिटेड एडिशन’ हे शब्द आजकाल इतके स्वस्त झालेत, की मोबाइलच्या कव्हरवरही दिसतात. म्हणून आज भेटू या खऱ्याखुऱ्या लिमिटेड एडिशनला. नाव बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिक. जन्मगाव फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातलं मोल्सहाइम. काळ १९३६ ते १९३८. आणि संख्या? फक्त चार!

हा काही मार्केटिंगचा फंडा नव्हता बरं का. टाइप ५७ची साधी मॉडेल्स शेकड्यांनी बनली. अटलांटिकला मात्र तीनच गिऱ्हाईकं मिळाली. चौथी गाडी डिझायनरनं स्वतःलाच ठेवली. हा डिझायनर म्हणजे जाँ बुगाटी, कंपनीचे मालक एत्तोरे बुगाटी यांचा मुलगा. तेव्हा तो होता सत्तावीस-अठ्ठावीसचा.

फोटो बघाल तर टपापासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यासारखी एक उभी पट्टी दिसेल. रिव्हेट्सनी जोडलेली. १९३५च्या नमुना गाडीची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तो वेल्डिंग करताना पेट घेतो, म्हणून पत्रे रिव्हेट्सनी जोडले. पुढच्या गाड्या अॅल्युमिनियमच्या. तिथे या खटाटोपाची गरजच नव्हती. पण जाँनं ती पट्टी ठेवली. नाइलाजाची स्टाइल झाली ती अशी! बॉनेटखाली आठ सिलिंडरचं ३.३ लिटरचं इंजिन, सुपरचार्जरसह साधारण २०० हॉर्सपॉवरचं. वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. तोही १९३०च्या दशकात.

आता या चौघींचं पुढे काय झालं? पहिली लंडनच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्डनी घेतली. २००३मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध शोमध्ये तिनं सर्वोच्च मान पटकावला. १९३८ची शेवटची गाडी आज फॅशन डिझायनर राल्फ लॉरेनकडे आहे. तिसरीची गोष्ट जरा करुण. १९५५मध्ये रेल्वे फाटकावर तिला ट्रेननं उडवलं, मालक जागीच गेला. पुढे एका शौकिनानं तो सांगाडा मिळवून गाडी पुन्हा उभी केली. आता प्रश्न असा, की नव्यानं ठोकून-जोडून घेतलेली गाडी ‘ओरिजिनल’ म्हणायची का? जाणकार यावर तासन्‌तास भांडतात.

आणि चौथी, जाँची स्वतःची काळी गाडी? ती गायब! दुसऱ्या महायुद्धात बोर्दो शहराकडे पाठवायच्या गाड्यांच्या यादीत तिचा शेवटचा उल्लेख सापडतो. त्यानंतर ना गाडी, ना पत्ता. तिच्या आठवणीत २०१९मध्ये बुगाटीनं ‘ला व्हॉत्यूर न्वार’ म्हणजे ‘काळी गाडी’ याच नावाची एकुलती एक गाडी बनवली. किंमत करांशिवाय १ कोटी १० लाख युरो.

हे कौतुक बघायला जाँ नव्हता. ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोल्सहाइमजवळ रेसिंग कारची टेस्ट घेताना एक सायकलस्वार आडवा आला. त्याला वाचवायला जाँनं गाडी वळवली, ती झाडावर आदळली. वय ३०. म्हणजे आपल्यातले कित्येक जण पहिल्या कारच्या ईएमआयचा हिशेब करतात, त्या वयात त्याचं सगळं काम करून झालं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून काही गळ्यात मारायला आलं, तर एकच विचारा, हे हरवलं तर ऐंशी वर्षांनी कुणी शोधेल का?