बाहुली आधी उलटी करून पाहा



आमच्या चाळीतील एका मावशींनी तीस वर्षे एका मोठ्या इमारतीत धुणीभांडी केली. ती मंडळी घर सोडून गेली तेव्हा बाईसाहेबांनी शोकेसमधली चिनी मातीची बाहुली मावशींच्या हाती ठेवली. टोपली घेतलेली, गुलाबी झग्यातली मुलगी. भंगारवाला पन्नास रुपये देत होता. मग एक दलाल आला. म्हणाला, "जुनी जर्मन बाहुली आहे, पन्नास हजार मिळतील. तपासणीचे दोन हजार आधी भरा." नातीची कॉलेजची फी तोंडावर आलेली. मावशी भिशीतून पैसे उचलायला निघाल्या. वाटेत माझ्याकडे डोकावल्या, "भाऊ, देऊ का?"

मी कारकून माणूस. शिक्का पाहिल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाही. म्हटले, "मावशी, आधी बाहुली उलटी करा."

चिनी मातीच्या बाहुलीची कुंडली तिच्या बुडाशी असते. टणक, अस्सल चिनी मातीचा युरोपातील पहिला कारखाना १७१० साली जर्मनीत माइसेन येथे निघाला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी ही त्याची खूण १७२२ च्या सुमारास सुरू झाली. ती हाताने, झिलईच्या खाली काढतात, म्हणून नखाला लागत नाही. तलवारींवरून आडव्या रेघा ओरखडलेल्या असतील तर तो दुय्यम माल समजावा. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याची (१७७५) खूण तीन लाटांची. त्या देशाच्या तीन सामुद्रधुन्यांवरून ती घेतली आहे. जर्मनीच्या गोबेल कारखान्याने १९३५ पासून हुमेल नावाच्या एका जोगिणीच्या चित्रांवरून लहान मुलांच्या बाहुल्या काढल्या. त्यांवर आधी मुकुट असे, १९५० पासून इंग्रजी 'व्ही' अक्षरातली मधमाशी आली.

परंतु नुसत्या खुणेवर भिस्त ठेवू नये. नेपल्सच्या राजाच्या कारखान्याची 'एन' अक्षर व मुकुट ही खूण पुढे कित्येकांनी उचलली. पॅरिसमध्ये १८४५ साली सुरू झालेल्या सॅम्सनच्या कारखान्यात तर जुन्या नामांकित मालाच्या हुबेहूब प्रती निघत, आणि मूळ खुणेशी मिळतीजुळती खूणही त्यांवर असे.

म्हणून खुणेबरोबर देशाचे नाव वाचावे. अमेरिकेने १८९० साली कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. तो १८९१ पासून लागू झाला. तेव्हा बुडाशी इंग्रजीत देशाचे नाव असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची. मात्र नाव नाही म्हणजे जुनीच, असे मुळीच नाही. जपानी मालावर आधी 'निप्पॉन' लिहीत, १९२१ पासून अमेरिकेत 'जपान' लिहिणे भाग पडले. 'वेस्ट जर्मनी' दिसले तर ती १९४९ ते १९९० या काळातली.

मावशींच्या नातीने बाहुली दिव्याखाली धरली आणि अक्षरे लावून वाचली, 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हरलेला जपान परक्या सैन्याच्या ताब्यात असतानाची. तो ताबा १९४५ ते १९५२ होता. त्या काळी जपानी कारागीर युरोपच्या धर्तीवरच्या स्वस्त बाहुल्या परदेशी विक्रीसाठी करीत. हौशी लोक त्या आजही जमवतात, पण पन्नास हजारांचे ते काम नव्हे. दलालाने बाहुली एकदाही उलटी करून पाहिली नव्हती!

तात्पर्य असे. जुनी वस्तू हाती आली की बूड ओल्या फडक्याने हलकेच पुसावे. राखेने वा ॲसिडने घासू नये, झिलईवरची खूण निघून जाते. अक्षरे, आकडे, चित्र जसेच्या तसे वहीत उतरावे. दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवावे. आणि विक्रीआधी कोणी पैसे मागितले तर त्याला दाराबाहेरूनच वाटे लावावे.

भिशीचे दोन हजार नातीच्या फीला लागले. बाहुली मावशींच्या फळीवर आहे. घरी कोणी आले की मावशी ती उलटी करतात आणि म्हणतात, "हे आमच्या पोरीनं वाचलं."