बालकथालेखकांची उमेदवारी

सुताराच्या हाताखाली दोनचार वर्षे काढल्यावाचून कोणी पाळणा घडवू लागत नाही. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसल्यावाचून कोणी मैफल मांडीत नाही. मुलांसाठी गोष्ट लिहिण्याच्या कामास मात्र ना गुरू लागतो, ना अभ्यास, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रौढांच्या कादंबरीस हात घालण्याचे ज्यास धैर्य होत नाही, तोही मुलांची गोष्ट एका बैठकीत उरकतो आणि शेवटी तात्पर्य जोडले की कर्तव्य संपले असे मानतो. ही समजूत आम्हांस केवळ चुकीची नव्हे, तर घातक वाटते.

मराठी बालवाङ्मयाचा आरंभ शाळेच्या गरजेतून झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसपनीति' ही भाषांतरित पुस्तके १८२८ साली निघाली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले व ते १९१४ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ साली निघाला. या मंडळींचे ऋण मराठी भाषा कधीही विसरणार नाही. पण मूल म्हणजे उपदेश ओतण्याचे रिकामे भांडे, ही जी कल्पना त्या पहिल्या काळी स्वाभाविक होती, ती आजही अनेकांच्या लेखणीस चिकटून राहिली आहे, याचे आम्हांस नवल वाटते.

वास्तविक ही कला आपल्या घरांत फार जुनी आहे. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दारी येतो. चिमणी दर वेळी एखादे बारीकसे काम सांगून त्यास थांबविते. दाराबाहेर पाऊस, दाराआड ऊब, आणि मध्ये तेच ते उत्तर थोड्या फरकाने पुनःपुन्हा! तिसऱ्या खेपेस मूल ते उत्तर आजीच्या आधी बोलू लागते, आणि त्या क्षणी ते नुसते श्रोते न राहता गोष्टीचे भागीदार होते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीत वाघाचे भय खरे असते आणि दुबळीची युक्तीही खरी असते. येथे तात्पर्य कोणी सांगत नाही. ते मुलाच्या मनात आपोआप उमटते.

आजीस ही विद्या कोणी शिकविली? ऐकणाऱ्या नातवंडांनी. गोष्ट लांबली की ती झोपत, खोटी वाटली की प्रश्न विचारीत. आजी त्याप्रमाणे तिला छाटीत गेली. छापखाना आला आणि लेखकासमोरून हा परीक्षक उठून गेला. बालकथालेखकाने प्रथम त्यास परत आणून समोर बसविले पाहिजे, हेच आमचे मुख्य सांगणे आहे.

ज्यांनी हे केले त्यांचे यश आपल्यासमोर आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते व तेथील छात्रालयातील मुलांत राहिले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा ही उमेदवारी होऊन चुकली होती. म्हणूनच त्या पुस्तकातील प्रकरणे 'रात्री' झाल्या आणि समोर ऐकणारे बसले. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गास छडीने नव्हे, गोष्टीने जिंकतो. ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी होत.

कोणी म्हणेल, प्रतिभा शिकविता येत नाही. खरे आहे. परंतु दोष ओळखण्यास शिकविता येते. गोष्टीतील अडचण मुलाने स्वतः सोडविली की काकांनी येऊन सोडविली? 'सुंदर बाग' असे लिहिले, की कोणते झाड आणि त्याखाली काय पडले होते ते दाखविले? वाक्य एका श्वासात वाचता येते काय? मोठ्यांस हसविण्यासाठी मुलाच्या तोंडी बोबडेपण घातले नाही ना? एवढे प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लागली, तरी निम्मा कचरा छापखान्यापर्यंत पोचणार नाही.

याहून मोठा प्रश्न, गोष्टीत मूल कोणाचे, हा आहे. ऊसतोडीस निघालेल्या आईबापांच्या मागे शाळा सोडून जाणारी मुलगी, धाकट्या भावास कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहणारी बहीण, वारली किंवा कोरकू बोलत शाळेत आलेला मुलगा, यांस पुस्तकात आपले घर क्वचितच सापडते. सापडले तर बहुधा दयेचा किंवा विनोदाचा विषय म्हणून. ज्या घरात पुस्तक प्रथमच येत आहे, त्या घरात ते पहिले पुस्तक कंटाळवाणे व परके निघाले, तर दुसऱ्यास हात लागेलच असा भरवसा कोणी द्यावा? म्हणून आम्ही या कलेस करमणुकीची बाब न मानता लोकशिक्षणाची बाब मानतो.

उपाय खर्चाचे नाहीत. अध्यापक विद्यालयांनी गोष्ट सांगण्यास व रचण्यास अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यावे. प्रकाशकांनी हस्तलिखित स्वीकारण्यापूर्वी ते गावातील व शहरातील एकेका वर्गास वाचून दाखवावे. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यास स्वतंत्र पुरस्कार देत आहे, ही आनंदाची गोष्ट होय; पण पारितोषिके देणाऱ्या सर्वच संस्थांनी निर्णयापूर्वी थोडे मुलांचेही ऐकावे. आणि लेखकांनी? आठवड्यातून एक तास जवळच्या शाळेत जाऊन, कागद बाजूस ठेवून, गोष्ट सांगावी. कोठे डोळे चमकले, कोठे चुळबूळ सुरू झाली, हे घरी येऊन टिपावे व त्याप्रमाणे निर्दयपणे खोडावे.

मुले भिडेखातर स्तुती करीत नाहीत आणि कंटाळा लपवीत नाहीत. इतका निःस्पृह गुरू फुकट मिळत असता त्याच्या पायाशी बसण्यास ज्यास कमीपणा वाटतो, त्याने मुलांसाठी न लिहिणे हेच मुलांवर उपकार होत.