नॉकिंग म्हणजे काय? (फक्त चार मार्कांसाठी नाही!)

मित्रांनो, आय. सी. इंजिनच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न कोणता, असं मेकॅनिकलच्या कुणालाही अर्ध्या झोपेत विचारा. उत्तर येईल, "नॉकिंग!" स्पार्क पडल्यावर ज्योत पुढे सरकते, टोकाला उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, दाबाच्या लाटा उठतात. उपाय? ऑक्टेन वाढवा, टायमिंग मागे घ्या. आपण हे सगळं आकृतीसकट लिहितो आणि त्यात चूक काहीच नाही. पण सकाळी चावी फिरवल्याबरोबर गाडी ठकठक करते तेव्हा हे उत्तर बहुतेक वेळा कामाला येत नाही. नॉकिंगची व्याख्या आपल्याला शिकवतात, पण इंजिन ऐकायला कुणी शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे.

पेट्रोल इंजिनातलं पुस्तकी नॉकिंग मुख्यतः लोडवर येतं. गाडी भरलेली, घाटाचा चढ, आणि आपण वरचा गिअर सोडायला तयार नाही, अशा वेळी. गाडी जागेवर उभी, इंजिन थंड आणि आवाज पहिल्या काही सेकंदांतच, असं असेल तर तो ज्वलनाचा कमी आणि धातूवर धातू आपटल्याचा जास्त असतो. (डिझेलची गोष्ट वेगळी. थंडीत तिथे इग्निशन डिले वाढतो, साठलेलं इंधन एकदम भडकतं, म्हणून डिझेल गाडी सकाळी जास्त खडखडते.)

मग शोधायचं कसं? पहिला प्रश्न सोपा आहे : आवाज किती वेळ टिकतो? दोन-तीन सेकंदांत थांबला तर संशय ऑईलवर. रात्रभरात ऑईल खाली उतरतं. ते परत वर पोचून प्रेशर धरेपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट किंवा टायमिंग चेनचा टेन्शनर वाजतो. इंजिन गरम होईपर्यंत काही मिनिटं आवाज राहिला आणि हळूहळू विरला तर पिस्टन स्लॅप असू शकतो. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पिस्टन तापला की फट कमी होते. थर्मलच्या तासाला ज्याला आपण जांभया देतो, तेच हे! पण आवाज जड असेल, रेस केल्यावर वाढत असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचं. ज्या सिलिंडरला आवाज कमी होतो, तिथे चोर. आणि त्यात ऑईलचा लाल दिवाही लागलेला असेल तर इंजिन लगेच बंद करायचं. गाडी टो करून न्यायची, चालवत नाही.

माझ्या काकांच्या गाडीचं उदाहरण देतो. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड आला नाही, आणि तरीही "इंजिन खोलावं लागेल" म्हणून सांगितलं. कोड कसा येणार? नॉक सेन्सर डेटोनेशनची ठरावीक कंपनं ऐकायला बसवलेला असतो, ढिल्या टेन्शनरची तक्रार नोंदवायला नाही. मग गाडी आमच्या हॉस्टेलमागच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी तीनच प्रश्न विचारले. किती वेळ वाजतं? दुपारी परत चालू केल्यावर वाजतं का? ऑईल शेवटचं कधी आणि कुठे बदललं? आणि म्हणाले, "काका, आधी फिल्टर बदलू. इंजिन काय, कधीही खोलता येईल." त्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो, आणि गाडीला लावलेल्या स्वस्तातल्या फिल्टरमधला ऑईल अडवणारा रबरी पडदा कडक झाला होता. नवा फिल्टर, योग्य ग्रेडचं ऑईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गप्प.

कुणी म्हणेल, "आपण इंजिनिअर होणार, मेकॅनिक थोडेच?" मला हे पटत नाही. मिस्त्रींनी केलं ते काय होतं? शक्यता मांडल्या, प्रत्येकीला एक चाचणी दिली आणि सगळ्यात स्वस्त चाचणी आधी केली. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच. आपण त्याला मोठं नाव देऊन पीपीटीत टाकतो, ते हातानं करून मोकळे होतात.

आणखी एक. मी कॉन्व्हेंटमधला, त्यामुळे माझ्याकडे सगळ्या आवाजांना मिळून एकच शब्द होता, नॉकिंग. मिस्त्रींकडे टिकटिक वेगळी, कटकट वेगळी, ठकठक वेगळी, आणि प्रत्येकीमागे इंजिनाचा वेगळा भाग. शब्द वेगळे असले की कानही वेगळं ऐकू लागतो, हे मला तिथे कळलं.

म्हणून आपल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. लॅबमधलं कापलेलं इंजिन सुंदर आहे, पण ते बोलत नाही. एखादं जुनं, चालू इंजिन आणा. त्यात मुद्दाम एक दोष ठेवा, एक्झॉस्टच्या उष्णतेचा पत्रा ढिला केलात तरी चालेल (तोही अगदी इंजिन गेल्यासारखा वाजतो!). आम्हाला तासभर द्या. मार्क नुसत्या उत्तराला देऊ नका, कोणती चाचणी कोणत्या क्रमानं आणि का केली, याला द्या. जर्नलमध्ये कॉपी करता येणार नाही असं हे पहिलं प्रॅक्टिकल ठरेल!

आणि मित्रांनो, हे होईपर्यंत फुकटातला एक अभ्यास आहे. उद्या सकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कुणी गाडी चालू करत असेल तर कानातले इअरफोन काढा आणि पहिले तीन सेकंद नीट ऐका. हा भाग सिलॅबसमध्ये नाही, पण नोकरीत पहिल्याच दिवशी विचारला जाईल.