गिधाडांचे रक्षण गोठ्यापासून

पक्षिसंरक्षण हा शहरातील हौशी मंडळींचा विषय असून शेतकऱ्याचा पाखरांशी संबंध गोफण फिरविण्यापुरताच येतो, अशी समजूत ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी आढळते. इतर पक्ष्यांच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे एवढेच म्हणता येईल. परंतु गिधाडांच्या बाबतीत ती घातक ठरली आहे. गिधाडांचा नाश बंदुकीने झाला नाही, की जंगलतोडीनेही मुख्यत्वे झाला नाही. तो गोठ्यातून झाला. म्हणूनच त्यांचे रक्षणही गोठ्यातूनच झाले पाहिजे.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कोकणातील अनेक प्राण्यापक्ष्यांच्या रक्षणाचे काम अंगावर घेतले. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर पाकोळ्या घरटी करतात. ही घरटी चोरून विकण्याचा उद्योग चालत असे. तो थांबविण्यासाठी संस्थेने खटपट केली. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालापासून समुद्री कासवांच्या अंड्यांची राखण सुरू झाली, आणि पुढे वेळासच्या ग्रामस्थांनी ते काम आपलेच मानले. रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांत गिधाडांच्या घरट्यांचा शोध घेणे, त्यांची नोंद ठेवणे, पक्ष्यांना मृत जनावरे उपलब्ध करून देणे आणि गावकऱ्यांचे मन वळविणे हेही काम संस्थेने केले आहे. म्हसळे तालुक्यातील चिरगाव येथे महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने असेच काम उभे केले.

तथापि कासव व गिधाड यांत एक मोठा भेद आहे. कासवाच्या अंड्यांभोवती कुंपण घातले आणि रात्रीची राखण ठेवली की निम्मे काम होते. गिधाडाला कुंपण घालता येत नाही. अन्नाच्या शोधात ते दूरदूरच्या गावांवरून फिरते आणि जेथे मेलेले जनावर दिसेल तेथे उतरते. घरट्याचे झाड कितीही जपले, तरी पलीकडच्या तालुक्यातील एका जनावराच्या मांसात विष असेल, तर सारी राखण फुकट जाते. संस्था झाडाखाली उभी राहू शकते. प्रत्येक गोठ्यात नाही.

विनाशाचे कारण

भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात शेकडा ९९.९ इतकी घटली. म्हणजे हजारांमागे जेमतेम एक पक्षी उरला. लांब चोचीच्या जातींची घट शेकडा ९७ च्या आसपास होती. प्रथम रोगाचा संशय घेण्यात आला. पुढे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने खरे कारण उघड केले. ताप, सूज व लंगडणे यांवर जनावरांना टोचण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याच्या मुळाशी होते. हे औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्ल शरीरात साचते आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

एखाददुसऱ्या जनावराला टोचल्याने काय होणार, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका जनावरावर एकाच वेळी मोठा थवा उतरतो. मृत जनावरांपैकी शेकडा एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे आहे, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू जननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. गेलेला पक्षी भरून येणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात येईल.

या हानीची किंमत माणसानेही मोजली आहे. काही तासांत जनावराचा सांगाडा मोकळा करणारा हा विनावेतन सफाईदार नाहीसा झाला, तेव्हा मांस कुजू लागले, पाणी दूषित झाले आणि मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्र्यांबरोबर पिसाळण्याच्या रोगाचे भयही वाढले. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला आहे.

कायदा आणि कुपी

सरकारने या बाबतीत पावले उचलली आहेत. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास मनाई झाली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचे प्रमाण ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांचा जनावरांसाठीचा वापर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडचा २०२४ च्या अखेरीस बंद करण्यात आला. हरयाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथील पक्षी २०२४ मध्ये ताडोबा व पेंच येथे आणण्यात आले.

हे सर्व योग्यच आहे. परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. गोठ्यातील सुईपर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. आजारी बैल उभा राहत नाही तेव्हा शेतकरी जवळ जो मिळेल त्याच्याकडून जी मिळेल ती सुई टोचून घेतो. त्याला दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. मेलॉक्सिकॅम व टॉलफेनामिक ॲसिड ही गिधाडांना निर्धोक ठरलेली औषधे आहेत, हे त्याला कोणी सांगितले आहे काय, आणि ती त्याच्या गावाजवळ मिळतात काय, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट नुकसानीची. कोकणात गिधाडे उंच माडांवरही घरटी बांधतात. त्यांची विष्ठा झावळ्यांवर पडते, पाडेली माडावर चढण्यास कचरतो आणि बागायतदाराचे उत्पन्न बुडते. साऱ्या समाजाचा लाभ व्हावा म्हणून एकट्या बागायतदाराने तोटा सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. घरट्याच्या माडाची भरपाई संस्थेच्या देणगीवर न सोडता तिची कायमची तरतूद झाली पाहिजे. तसे झाले तर घरटे हे संकट न वाटता गावाचे भूषण वाटेल.

गावपातळीवर काय करावे

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे महत्त्व आहे. संस्थेचा माणूस गावात महिन्यातून एकदा येईल. कार्यकर्ता रोज असतो. जनावरांच्या लसीकरणाच्या वेळी त्याने बंद झालेल्या औषधांची नावे पशुपालकांना समजावून द्यावीत व ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. जनावरावरील उपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावेत आणि औषधाची पावती जपून ठेवावी, असा आग्रह धरावा. अशी औषधे टोचलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे. फाशीच्या रोगाने मेलेले जनावर तर कधीही फाडू नये व उघड्यावर टाकू नये. कुत्र्यांसाठी किंवा बिबट्यासाठी मांसात विष घालण्याचा प्रकार आढळल्यास तो तत्काळ थांबवावा, कारण त्या विषाने गिधाडेही मरतात. मात्र निर्धोक जनावर गिधाडांना मिळावे, यासाठी वन खाते, संस्था व ग्रामपंचायत यांनी मिळून गावाबाहेर, विजेच्या तारांपासून दूर, एक जागा ठरवावी.

यातील एकही काम खर्चाचे नाही, आणि ते केल्याने शेतकऱ्याचे जनावर उपचारावाचून राहत नाही. संस्थांनीही आपले बळ घरट्याच्या झाडापुरते न ठेवता गोठ्याकडे वळवावे. पशुवैद्यक व कृषी कार्यकर्ते यांना प्रत्येक शिबिरात बरोबर घ्यावे. वेळासच्या ग्रामस्थांनी कासवाची राखण आपली मानली तेव्हाच ते काम टिकले. गिधाडाच्या बाबतीत हे एकाच गावाने करून भागणार नाही. ज्या गावांवरून ते उडते, त्या सर्व गावांनी ते केले पाहिजे. टोचण्यापूर्वी कुपीवरील नाव वाचणे ही त्याची पहिली पायरी होय.